कीमियाची किमया

२५ जुलै २०२१. टोकिओ ऑलिंपिक चालू होतं. करोनामुळे प्रेक्षागृहं रिकामी. तायक्वांदोच्या अष्टकोनी मॅटवर दोन मुली समोरासमोर उभ्या राहिल्या. दोघी एकाच देशात जन्मलेल्या, एकाच सालातल्या. एकेकाळी दोघी एकाच राष्ट्रीय संघात होत्या. एकीचं नाव नाहिद कियानी. तिच्या अंगावर इराणचा गणवेश आणि हेल्मेटच्या आत केस झाकणारं हिजाब. दुसरी कीमिया अलीझादेह. तिच्या डोक्यावर नुसतंच हेल्मेट आणि अंगावर कुठल्याच देशाचा झेंडा नाही. ती निर्वासितांच्या संघातून खेळत होती.

कीमियानं तो सामना १८-९ असा जिंकला. जिंकल्यावर तिला काय वाटलं असेल, हा प्रश्न कितीतरी दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिला. सासरमाहेर दोन्ही बघितलेल्या आपल्यासारख्या बायकांना सोडून आलेल्या अंगणाचं दुखणं चांगलं माहीत असतं. पण सोडून आलेल्या अंगणातली मैत्रीणच समोर प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहावी, आणि सगळं जग बघत असावं, हे काही निराळंच.

तेव्हापासून मी या मुलीबद्दल मिळेल ते वाचत गेले. खेळाच्या पानावर तिची बातमी चार ओळींची असते. पण तिची गोष्ट खरं तर आपल्याच पानावरची आहे असं मला वाटतं, म्हणून आज लिहायला घेतली.

आधी नावाबद्दल. कीमिया हे फारसी नाव. अर्थ, साध्या धातूचं सोनं करण्याची विद्या. हाच शब्द मराठीत आला आणि किमया झाला. म्हणजे ही मुलगी आपल्याकडे जन्मली असती, तरी तिचं नाव परकं वाटलं नसतं. फारसीतून आपल्याकडे आलेले शब्द तरी किती! मैदान, पैलवान, शाबास, हिंमत, जखम. गंमत म्हणजे कीमियाची गोष्ट सांगायला यातले सगळेच शब्द लागतात.

कीमियाचा जन्म १० जुलै १९९८ चा, इराणमधल्या करज शहरातला. तेहरानच्या पश्चिमेला, अल्बोर्झ डोंगराच्या पायथ्याशी हे शहर आहे. राजधानीच्या सावलीत वाढलेलं. सात-आठ वर्षांची असताना ती तायक्वांदो शिकायला लागली. इराणमध्ये हा खेळ चांगलाच रुजलेला. त्यांचा हादी साई नावाचा खेळाडू २००० साली सिडनीला ब्राँझ आणि पुढे २००४ मध्ये अथेन्सला नि २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक घेऊन आला होता. त्यामुळे तायक्वांदो म्हटलं की तिथल्या पोरांचे डोळे चमकायचे. पण मुलींचं काय?

इराणमध्ये १९७९ साली क्रांती झाली आणि त्यानंतर बायकांना घराबाहेर डोकं झाकणं सक्तीचं झालं. खेळतानासुद्धा. त्यामुळे पोहणं, जिम्नॅस्टिक्स अशा खेळांत आंतरराष्ट्रीय पातळीवर जायचा रस्ताच बंद. क्रांतीनंतर ऑलिंपिकला गेलेली पहिली इराणी महिला लिदा फरीमान. ती १९९६ मध्ये अटलांटाला गेली, तीही नेमबाज म्हणून. नेमबाजीत अंगभर कपडे चालतात ना! फुटबॉलचं तर आणखीच अवघड. २०११ साली लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीसाठी इराणच्या मुली जॉर्डनला गेल्या. पण डोकं आणि मान झाकणारा पोशाख जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमात बसत नाही म्हणून त्यांना मैदानात उतरूच दिलं नाही. म्हणजे बघा, घरचे म्हणतात झाकल्याशिवाय जायचं नाही. बाहेरचे म्हणतात झाकलंत तर खेळायचं नाही. पोरींनी करायचं काय? फुटबॉलवाल्यांनी ती बंदी २०१४ मध्ये उठवली, पण तोवर त्या मुलींची उमेदीची वर्षं गेली ती गेलीच.

तायक्वांदोत ही अडचण त्या मानानं कमी होती. या खेळात सगळ्यांनाच अंगभर पांढरा पोशाख असतो, त्याला दोबोक म्हणतात. डोक्यावर हेल्मेट असतंच. त्याच्या आत हिजाब घालायला जागतिक संघटनेनं परवानगी दिली आणि इराणी मुलींना एक दार उघडं झालं. कीमिया त्या दारातून आत शिरली आणि तिनं मागं वळून पाहिलंच नाही.

हा खेळ नेमका कसा असतो, हे थोडक्यात सांगते. मलाही सुरुवातीला ही नुसती लाथाळीच वाटायची. तायक्वांदो मूळचा कोरियाचा. ऑलिंपिकमध्ये तो १९८८ साली सोलला नि १९९२ साली बार्सिलोनाला प्रदर्शनीय म्हणून खेळवला आणि २००० साली सिडनीपासून त्याला पदकं मिळायला लागली. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. छातीवर चिलखत, त्यात इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलेलं. पायातल्या मोज्यांतही तसंच. चिलखतावर पुरेशा जोरानं लाथ बसली की गुण आपोआप नोंदला जातो. ठोशाला १ गुण, छातीवरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३. गिरकी घेऊन मारली तर छातीला ४ आणि डोक्याला ५. रेषेबाहेर गेलं, खाली पडलं, धरून ठेवलं की समोरच्याला एक गुण फुकट. सगळा खेळ अंतराचा आणि क्षणाचा. समोरची पाय उचलणार, हे तिनं उचलायच्या आधी कळावं लागतं. उंच, लांब पायांच्या मुलीला फायदा होतो, आणि कीमिया उंच. तिची लाथ डोक्यापर्यंत पोचायची. इराणात तिला 'त्सुनामी' म्हणायला लागले ते काही उगाच नाही.

२०१४ मध्ये चीनमधल्या नानजिंगला युवा ऑलिंपिक झालं. तिथं ६३ किलो गटात कीमियाला सुवर्णपदक मिळालं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आपल्याकडे या वयात मुली अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत असतात. पुढच्याच वर्षी रशियातल्या चेल्याबिन्स्कला मोठ्यांची जागतिक स्पर्धा होती. तिथं तिनं ब्रिटनच्या जेड जोन्सला हरवलं. जेड म्हणजे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची विजेती. त्या स्पर्धेत कीमियाला ब्राँझ मिळालं आणि सगळ्यांना कळलं की ही पोरगी साधी नाही.

मग आलं २०१६ चं रिओ. ५७ किलोचा गट. कीमिया उपांत्यपूर्व फेरीत स्पेनच्या एव्हा काल्व्होकडून हरली. संपलं, असं वाटलं असेल. पण तायक्वांदोत एक चांगली सोय आहे. तुम्हाला हरवणारी खेळाडू पुढं अंतिम फेरीत पोचली, तर तुम्हाला परत एक संधी मिळते. याला रेपेचेज म्हणतात. काल्व्हो अंतिम फेरीत गेली आणि कीमियाला दार किलकिलं झालं. त्या फटीतून ती आत आली आणि शेवटी स्वीडनच्या निकिता ग्लास्नोविचला ५-१ असं हरवून तिनं ब्राँझपदक मिळवलं. इराणच्या इतिहासात एखाद्या बाईनं जिंकलेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. वय वर्षं अठरा!

देशात आनंदीआनंद झाला. राष्ट्राध्यक्ष हसन रुहानी यांनी 'माझी मुलगी' असं म्हणून तिचं अभिनंदन केलं. तीसुद्धा म्हणाली की मला इराणच्या सगळ्या मुलींसाठी आनंद झालाय आणि पुढच्या वेळी सुवर्ण मिळेल अशी आशा आहे. २०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या मुजूला जागतिक स्पर्धेत तिनं वरच्या, ६२ किलो गटात रौप्यपदक जिंकलं. म्हणजे ब्राँझच्या वर एक पायरी चढली. आता सुवर्णच राहिलं होतं.

इथवरची गोष्ट आपण नेहमी वाचतो तशीच आहे. गरीब वा मध्यम घरातली मुलगी, जिद्द, पदक, हारतुरे. पण कीमियाची गोष्ट इथून वेगळी होते.

जानेवारी २०२० मध्ये बातमी आली की कीमिया देश सोडून युरोपात गेली आणि परत येणार नाही. तिनं इन्स्टाग्रामवर एक पत्रच लिहिलं होतं. ते वाचून मी सुन्न झाले. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की मी इराणमधल्या लाखो दबलेल्या बायकांपैकी एक आहे. त्यांनी नेलं तिथं मी गेले. त्यांनी सांगितलं ते घातलं, सांगितलं ते बोलले. पदकं मी जिंकली, पण श्रेय हिजाबाच्या सक्तीला आणि अधिकाऱ्यांच्या व्यवस्थापनाला गेलं. आमच्यापैकी कुणीच त्यांच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं, आम्ही फक्त वापरण्यापुरत्या होतो. आणि हा निर्णय ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकण्यापेक्षा अवघड आहे, पण कुठंही असले तरी मी इराणचीच मुलगी राहीन, असंही तिनं लिहिलं होतं.

गंमत बघा, ज्या देशानं तिला 'लेक' म्हटलं, त्या देशानं लेकीला काय हवं ते विचारलंच नव्हतं. तिथल्या एका खासदारानं नालायक अधिकाऱ्यांमुळे देशाची गुणी माणसं पळून जातात असं सुनावलं, तर बाकीच्यांनी तिलाच दोष दिला.

हे वाचताना मला आमच्या शेजारची वहिनी आठवली. तिची मुलगी पाचवीत आहे, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये संध्याकाळी तायक्वांदोचा क्लास भरतो, तिथं जाते. पिवळा पट्टा मिळाला तेव्हा वहिनीनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले. दिवाळीत पाहुणे आले की पोरीला हॉलमध्ये उभं करून "दाखव गं तुझी ती किक" असा आग्रह. पण तीच मुलगी जिल्ह्याच्या स्पर्धेला दोन दिवस बाहेरगावी जायचं म्हणाली, तेव्हा घरात बैठक बसली. आजी, काका, मामा, फोनवरून आत्याबाईसुद्धा. "बरोबर कोण आहे?", "राहायचं कुठं?", "मुलांबरोबर एकाच गाडीत?", "एवढं करून दहावीला खेळाचे मार्क मिळतात का?" सगळ्यांनी सगळं विचारलं. ती मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला मात्र कुणी काही विचारलं नाही. शेवटी परवानगी मिळाली, पण आईनं बरोबर जायच्या अटीवर.

मी वहिनीला नावं ठेवत नाही. तिची काळजी खोटी नाही, मुलीची आई असणं काय असतं ते मला ठाऊक आहे. आपल्या गल्लीची आणि इराणची तुलनाही होत नाही. तिथं कायदा होता, पोलीस होते, तुरुंग होता. आपल्याकडे फक्त 'लोक काय म्हणतील' आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी वाटते. मुलीनं पदक आणलं की ते सगळ्यांचं असतं. निर्णय घ्यायची वेळ आली की तोही सगळ्यांचाच असतो, फक्त तिचा नसतो.

असो. कीमिया नवऱ्याबरोबर जर्मनीत राहायला लागली. नवरा हामेद मदनची, तोही खेळाडू, व्हॉलीबॉलचा. आता नुसतं म्हणायला सोपं आहे 'युरोपात गेली'. पण विचार करा, जिथं ती देशाची नायिका होती, तिथून ती अशा जागी गेली जिथं तिला कुणी ओळखत नाही. नवी भाषा, कागदपत्रं, परवाने. मागं राहिलेल्या माणसांना कधी भेटता येईल, याचा पत्ता नाही. त्यातून करोना. ऑलिंपिक वर्षभर पुढं ढकललं गेलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं निर्वासित खेळाडूंसाठी २०१६ पासून एक वेगळा संघ केला होता. रिओला त्यात दहा खेळाडू होते, टोकिओला एकोणतीस झाले. त्या एकोणतिसांत कीमियाचं नाव आलं.

आणि पहिल्याच सामन्यात समोर कोण, तर नाहिद कियानी! सुरुवातीला सांगितला तो सामना. तिथून पुढं एकाच दिवसात कीमियानं जे केलं, त्याला हिंमत हाच शब्द आहे. दुसऱ्या सामन्यात समोर जेड जोन्स. लंडन आणि रिओ अशी सलग दोन सुवर्णं जिंकलेली, तिसऱ्याच्या तयारीनं आलेली. कीमियानं तिला १६-१२ असं घरी पाठवलं. तिसऱ्यात चीनची झोऊ लिजून, तिला ९-८. एका गुणानं! क्रमवारीत कुठंच नसलेली, देश नसलेली ही मुलगी उपांत्य फेरीत. तिथं रशियाच्या तातियाना मिनिनानं तिला हरवलं. तरी ब्राँझसाठीचा सामना बाकी होता. तो जिंकली असती तर निर्वासितांच्या संघाला मिळालेलं ते जगातलं पहिलं ऑलिंपिक पदक ठरलं असतं. समोर तुर्कस्तानची हातिजे कुब्रा इल्गून. सहा-आठ. दोन गुणांनी गेलं. एका दिवसात पाच सामने आणि हाती काही नाही.

(ते पहिलं पदक पुढं २०२४ मध्ये पॅरिसला सिंडी न्गांबा या बॉक्सर मुलीनं मिळवलं. तेही ब्राँझ, आणि तीही मुलगीच.)

टोकिओनंतर इराणमध्ये बरंच काही घडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या बावीस वर्षांच्या मुलीला हिजाब नीट घातला नाही म्हणून तेहरानमध्ये पोलिसांनी पकडलं आणि कोठडीत असताना तिचा मृत्यू झाला. त्यानंतर बायका रस्त्यावर उतरल्या. केस कापून निषेध करणाऱ्या मुलींचे फोटो आपणही पाहिले. ऑक्टोबरमध्ये एल्नाझ रेकाबी ही इराणी गिर्यारोहक सोलच्या स्पर्धेत डोकं न झाकता भिंत चढली, तेव्हा सगळ्या जगाचा श्वास थांबला होता. कीमियानं दोन वर्षं आधी जे लिहिलं होतं, ते आता हजारो जणी ओरडून सांगत होत्या.

पण मला इथं नाहिदबद्दलही सांगायचंय, कारण गोष्ट एकीची नाही. कीमिया गेली, नाहिद राहिली. आपण पटकन म्हणतो की गेली ती शूर, राहिली ती दबलेली. किंवा उलट, राहिली ती निष्ठावान, गेली ती पळपुटी. मला दोन्ही पटत नाही. राहणाऱ्या बाईच्या मनातही हिशेब असतात. म्हातारे आईवडील असतात, भाषा असते, ज्या हॉलमध्ये पहिली लाथ मारायला शिकली तो हॉल असतो. नाहिदनं तिथंच राहून, तेच नियम पाळून सराव केला आणि २०२३ साली बाकूला जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. इराणी मुलीनं जागतिक विजेतेपद मिळवणं ही काही लहान गोष्ट नव्हे. टोकिओच्या पहिल्या फेरीत हरून परत गेलेली मुलगी ती हीच.

दरम्यान, २०२४ मध्ये कीमियाला बल्गेरियाचं नागरिकत्व मिळालं. तिला परत एक देश मिळाला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ग्रां पॅलेमध्ये, त्या काचेच्या भव्य छताखाली, ५७ किलो गटाची कार्यक्रमपत्रिका लागली. नियतीचे खेळ बघा, पुन्हा नाहिद आणि कीमिया समोरासमोर!

या वेळी नाहिद जिंकली. हिशेब बरोबर झाला म्हणायचं. पण तो दिवस तिथं संपला नाही. नाहिद एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोचली. आणि नियम आठवतोय ना? तुम्हाला हरवणारी अंतिम फेरीत गेली की तुम्हाला परत संधी. म्हणजे नाहिदच्या विजयामुळे कीमियाला दार उघडलं. रिओला काल्व्होनं जे नकळत केलं, ते पॅरिसला जुन्या मैत्रिणीनं केलं. कीमिया रेपेचेजमधून वर आली आणि चीनच्या लुओ झोंगशीला हरवून ब्राँझपदक जिंकली. बल्गेरियाला तायक्वांदोत मिळालेलं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. अंतिम सामन्यात नाहिद दक्षिण कोरियाच्या किम यू-जिनकडून हरली आणि तिला रौप्य मिळालं. इराणी महिलेनं मिळवलेलं हे पहिलं ऑलिंपिक रौप्य.

त्या रात्री विजयमंचावर चौघी उभ्या होत्या. किम, नाहिद, कॅनडाची स्कायलर पार्क आणि कीमिया. एकीच्या नावापुढे इराण, एकीच्या बल्गेरिया. एकीच्या डोक्यावर हिजाब, एकीचे केस मोकळे. दोघींच्या गळ्यात पदक. मला तो क्षण फार आवडला, कारण त्यात कुणी चूक नव्हतं. दोघींनी वेगवेगळे रस्ते घेतले आणि दोघीही त्याच मंचापर्यंत पोचल्या. आपापली किंमत मोजून पोचल्या, हे मात्र विसरून चालणार नाही.

किंमत दोन्हीकडे आहे. कीमियाची बारा-तेरा वर्षांची कारकीर्द घ्या. तीन ऑलिंपिक, तीन वेगवेगळ्या झेंड्यांखाली. २०१६ ला इराण, २०२१ ला निर्वासितांचा पांढरा झेंडा, २०२४ ला बल्गेरिया. दोन ब्राँझ, आणि ते सुवर्ण अजून आलेलं नाही. किमया म्हणजे साध्या धातूचं सोनं करणं, असं म्हणतात. पण मला वाटतं, तिनं केलेली किमया पदकाच्या रंगात नाही. अठराव्या वर्षी दुसऱ्यांनी लिहून दिलेली वाक्यं बोलणारी मुलगी एकविसाव्या वर्षी स्वतःची वाक्यं लिहायला लागली, ती खरी किमया.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणाला देश सोडायचा नाहीये, कुणाला ऑलिंपिकला जायचं नाहीये. आपल्या पोरींना जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचंय, तालुक्याच्या कॉलेजात शिकायचंय, एखादीला क्लास सोडूनसुद्धा द्यायचा असेल, कारण तिला चित्रकला आवडते. आपण काळजी करावी, जरूर करावी. बरोबर कोण आहे, राहायचं कुठं, हे विचारायलाच हवं. कोच कोण आहे, त्याची माहिती काढावी, मुलींच्या राहण्याची वेगळी सोय आहे का ते बघावं, बाईमाणूस बरोबर आहे का ते पाहावं. हे सगळं आईचं कामच आहे.

फक्त त्या बैठकीत, आजी-काका-मामा-आत्याबाई सगळ्यांचं बोलून झाल्यावर, दारात उभ्या असलेल्या मुलीला आत बोलवावं. खाली बसवावं. आणि विचारावं, "तुझं काय म्हणणं आहे गं?" मग ती जे म्हणेल ते शेवटपर्यंत, मध्ये न तोडता ऐकावं. बोलायला तिला कदाचित वेळ लागेल, पहिल्यांदा विचारलं की सगळ्याच पोरी गप्प बसतात. दुसऱ्यांदा विचारावं.